नवऱ्याकडे जा नाहीतर तुरुंगात, कायद्यानं एवढेच दोन रस्ते ठेवले आणि रखमाबाईंनी तुरुंग निवडला

४ मार्च १८८७. मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती फॅरन यांच्यासमोर एक खटला निकालाला आला होता. खून नाही, दरोडा नाही. दादाजी भिकाजी नावाच्या माणसाचं म्हणणं एवढंच होतं की माझी बायको माझ्या घरी नांदायला आली पाहिजे. बायको नाही म्हणत होती.

निकाल दादाजीच्या बाजूनं लागला. एका महिन्याच्या आत नवऱ्याच्या घरी जायचं. आदेश मोडला तर कायद्यात शिक्षा होती ती सहा महिन्यांपर्यंतच्या तुरुंगाची. २२ वर्षांच्या त्या बाईनं सांगून टाकलं की मी तुरुंगात जाईन, पण त्या घरात जाणार नाही.

तिचं नाव रखमाबाई. आज आपण त्यांना डॉक्टर म्हणून ओळखतो, पण तेव्हा त्या डॉक्टर नव्हत्या. शाळाही धड नशिबी आली नव्हती. त्या एका अशा लग्नात अडकल्या होत्या, जे लागलं तेव्हा त्यांचं वय ११ होतं आणि ज्यात त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. ११ वर्षांच्या मुलीचं लावलेलं लग्न ती मोठी झाल्यावर तिच्यावर बंधनकारक असतं का, हा त्यांचा प्रश्न होता. तो त्यांनी कोर्टात, वर्तमानपत्रात आणि शेवटी थेट व्हिक्टोरिया राणीपर्यंत नेला.

आईचीही गोष्ट तीच

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा, मुंबईतला. वडील जनार्दन पांडुरंग, आई जयंतीबाई. आईचं लग्न चौदाव्या वर्षी झालं, पंधराव्या वर्षी मूल झालं आणि सतराव्या वर्षी नवरा वारला. म्हणजे आज ज्या वयात मुली अकरावी-बारावीत असतात, त्या वयात जयंतीबाई एका लहान मुलीची विधवा आई होत्या.

हे कुटुंब सुतार समाजातलं होतं आणि त्या समाजात विधवेला पुन्हा लग्न करता येत असे. रखमा आठ वर्षांची असताना जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केलं. त्याआधी नवऱ्याकडून आलेली मालमत्ता त्यांनी मुलीच्या नावावर केली. ही मालमत्ता लक्षात ठेवा, पुढे खटल्यात ती येणार आहे.

सखाराम अर्जुन हे त्या काळच्या मुंबईतलं मोठं नाव. ग्रँट मेडिकल कॉलेजशी जोडलेले डॉक्टर, वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक आणि १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक. रखमाबाईंच्या नावापुढे आज जे राऊत हे आडनाव लावलं जातं ते या सावत्र वडिलांचं.

आता एवढ्या सुधारकी घरात बालविवाह कसा झाला, असं कुणालाही वाटेल. पण झाला. अकराव्या वर्षी रखमाचं लग्न सखाराम अर्जुन यांच्या नात्यातल्या दादाजीशी लावलं गेलं. दादाजी तेव्हा विशीच्या उंबरठ्यावर होता. ठरलं असं होतं की त्यानं घरजावई म्हणून राहायचं, शिकायचं आणि काहीतरी बनून दाखवायचं.

काही महिन्यांनी रखमा वयात आली. रूढीप्रमाणे आता गर्भाधान व्हायला हवं होतं, म्हणजे नवरा-बायकोचा संसार सुरू व्हायला हवा होता. इथे सखाराम अर्जुन आडवे आले. इतक्या लहान मुलीच्या शरीरावर याचा काय परिणाम होतो, हे डॉक्टर म्हणून त्यांना माहीत होतं. त्यांनी साफ नकार दिला. बालविवाह थांबवणं त्यांना जमलं नव्हतं, पण त्यापुढची पायरी त्यांनी रोखली. त्या एका नकारामुळे पुढचं सगळं घडू शकलं.

दादाजीला हे रुचलं नाही. शिक्षणातही त्याचं मन लागलं नाही. तो आपल्या मामाकडे, नारायण धुर्माजीकडे राहायला निघून गेला. तिथलं वातावरण, त्याची प्रकृती आणि त्याचं वागणं याबद्दल जे कानावर येत होतं, त्यानं रखमाबाईंचं मन आणखी विटत गेलं. त्या आईकडेच राहिल्या. मिशनच्या वाचनालयातून पुस्तकं आणून घरी वाचू लागल्या. घरी येणाऱ्या सुधारक मंडळींची बोलणी कानावर पडत होतीच. अशी सात-आठ वर्षं गेली.

वकिलाचं पत्र आलं

मार्च १८८४ मध्ये दादाजीच्या वकिलांचं पत्र सखाराम अर्जुन यांना आलं. बायकोला नांदायला पाठवा. रखमाबाईंनी नकार दिला आणि दादाजीनं हायकोर्टात दावा लावला.

ज्या कायद्यानं हा दावा लावला गेला, तो ना धर्मशास्त्रातला होता ना इथल्या रूढीतला. नांदायला येण्याचा दावा ही मूळची इंग्लंडमधल्या चर्चच्या कोर्टांतली गोष्ट. इंग्रजांबरोबर ती इथे आली आणि इथल्या दिवाणी कायद्यात बसली. १८७७ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत तर हा आदेश न पाळणाऱ्याला तुरुंगात टाकायची किंवा त्याची मालमत्ता जप्त करायची सोयही होती. आणि गंमत पाहा, ज्या १८८४ साली मुंबईत हा दावा लागला, त्याच साली इंग्लंडच्या संसदेनं आपल्या देशात या कारणासाठी तुरुंगात टाकणं बंद केलं. तिथली शिक्षा गेली, इथली राहिली.

दादाजीची बाजू सांगायची तर त्याचं म्हणणं होतं की हा सगळा पैशाचा मामला आहे. रखमाबाईंच्या नावावर मालमत्ता आहे, ती घराबाहेर जाऊ नये म्हणून आजोळची माणसं तिला अडवून ठेवतायत. पुढे १८८७ मध्ये त्यानं आपली बाजू छापूनही काढली आणि रखमाबाईंनी तिला उत्तर दिलं. रखमाबाईंच्या वकिलांनी कोर्टात सुरुवातीला दादाजीची गरिबी, आजारपण आणि चारित्र्य यांवर भर दिला होता. मात्र खटला जसा पुढे गेला, तसा मुद्दा बदलत गेला. नवरा चांगला की वाईट हा प्रश्न मागे पडला. लग्नाला संमतीच नव्हती, हा मुद्दा पुढे आला.

याच दरम्यान टाइम्स ऑफ इंडियात एका हिंदू स्त्रीच्या नावानं पत्रं छापून आली. पहिलं २६ जून १८८५ ला, दुसरं सप्टेंबरात. बालविवाहानं मुलीचं शिक्षण कसं थांबतं, मुलाचं लग्न झालं तरी तो शाळेत जातो आणि मुलीची पाटी मात्र कायमची फुटते, अशा गोष्टी त्यांत होत्या. लिहिणारी कोण, यावर चर्चा झाली. ती लेखणी रखमाबाईंची होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सखाराम अर्जुन वारले होते. आधार देणारा माणूस गेला, दावा डोक्यावर आणि ही २० वर्षांची मुलगी टोपणनावानं देशातल्या मोठ्या दैनिकात लिहीत होती.

पिन्ही यांचा निकाल, आणि मग उलटा निकाल

पहिली सुनावणी न्यायमूर्ती रॉबर्ट हिल पिन्ही यांच्यासमोर झाली. रखमाबाईंच्या वकिलांत काशिनाथ त्र्यंबक तेलंग होते. २१ सप्टेंबर १८८५ ला पिन्ही यांनी निकाल दिला आणि तोही रखमाबाईंच्या बाजूनं.

त्यांचा तर्क साधा होता. नांदायला येण्याचा दावा इंग्लंडमधून आला आहे आणि तिथे तो एकत्र राहून मग वेगळ्या झालेल्या, स्वतःच्या मर्जीनं लग्न केलेल्या प्रौढ माणसांसाठी आहे. इथे हे दोघं कधी एकत्र राहिलेलेच नाहीत. जे कधी सुरूच झालं नाही ते पुन्हा स्थापन कसं करणार? आणि असहाय वयात जिचं लग्न लावलं गेलं, तिला आता कायद्याच्या जोरावर त्या माणसाच्या हवाली करणं त्यांना रानटीपणाचं वाटलं.

यावर गदारोळ झाला. परक्या सरकारचं कोर्ट आमच्या लग्नसंस्थेत हात घालतंय, असा सूर उठला. लोकमान्य टिळकांच्या केसरी आणि मराठा या पत्रांनी रखमाबाईंवर कडक टीका केली. इंग्रजी शिक्षणानं बायका कशा बिघडतात याचं उदाहरण म्हणून त्यांचं नाव घेतलं गेलं. दुसरीकडे बेहरामजी मलबारी यांनी १८८४ मध्येच बालविवाह आणि सक्तीचं वैधव्य यांविरुद्ध आपली टिपणं प्रसिद्ध करून मोहीम उघडली होती. त्यांच्या हाती आता जिवंत उदाहरण आलं.

दादाजी अपिलात गेला. १८८६ मध्ये सरन्यायाधीश सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी पिन्ही यांचा निकाल फिरवला. हिंदू लग्न हा संस्कार आहे, तो वधूच्या संमतीवर उभा नाही, म्हणून संमती नव्हती एवढ्यानं दावा बाद होत नाही, असा त्याचा अर्थ होता. प्रकरण पुन्हा खालच्या न्यायाधीशाकडे आलं. तिथून आला तो सुरुवातीला सांगितलेला मार्च १८८७ चा आदेश.

राणीकडे मागितलेलं एक वाक्य

१८८७ हे व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीचं पन्नासावं वर्ष होतं. रखमाबाईंचं म्हणणं ब्रिटनमधल्या वर्तमानपत्रांपर्यंत पोहोचलं. या समारंभाच्या वर्षात हिंदू कायद्यात फक्त एक वाक्य घाला, असं त्यांनी मागितलं. मुलगा २० वर्षांचा आणि मुलगी १५ वर्षांची होण्याआधी लागलेलं लग्न कोर्टात आलं तर ते कायदेशीर धरू नये.

या मागणीत बालविवाह लावणाऱ्याला शिक्षा करा, असं काही नव्हतं. अशा लग्नाला कोर्टानं लग्नच मानू नये, एवढं त्या मागत होत्या. म्हणजे सरकारनं कुणाच्या मांडवात शिरायचं नाही, पण मोठी झाल्यावर मुलगी नाही म्हणाली तर कोर्टानं तिला ओढून न्यायचंही नाही.

आज काय स्थिती आहे? २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यानुसार मुलीचं वय १८ आणि मुलाचं २१ हवं. लग्न लावणाऱ्यांना शिक्षा आहे. पण असं लग्न देशभरात आपोआप रद्द ठरत नाही. ज्याचं लग्न लहानपणी लावलं गेलं त्यानं किंवा तिनं स्वतः कोर्टात जाऊन ते रद्द करून घ्यायचं, आणि तेही सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत. पळवून आणून किंवा जबरदस्तीनं लावलेल्या लग्नांसारखे काही अपवाद सोडले, तर ही पायपीट मुलीनंच करायची. कर्नाटकनं मात्र आपल्या राज्यापुरती दुरुस्ती करून बालविवाह मुळातूनच रद्दबातल ठरवला. महाराष्ट्रात गावपातळीवर ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो आणि १०९८ वर फोन करता येतो. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातल्या २० ते २४ वयोगटातल्या २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झाल्याचं दिसलं.

हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली आणखी एक तरतूद आली. मुलीचं लग्न पंधराच्या आत झालं असेल आणि तिनं १५ ते १८ या वयात ते नाकारलं असेल, तर तिला घटस्फोट मागता येतो. रखमाबाईंसाठीच लिहिल्यासारखं वाटतं. फक्त त्यांचा नकार कागदावर आला तेव्हा त्या अठराच्या पुढे गेल्या होत्या.

तुरुंग टळला, लग्न नाही सुटलं

रखमाबाई तुरुंगात गेल्या नाहीत. त्यांच्या बाजूनं समिती उभी राहिली, पैसे जमले, इंग्लंडमध्येही चर्चा झाली. एका बाईला नवऱ्याकडे न गेल्याबद्दल गजाआड टाकणं सरकारलाही जड जाणार होतं. शेवटी जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजीनं २००० रुपये घेतले आणि कोर्टाच्या आदेशाची अंमलबजावणी करून घेण्याचा हट्ट सोडला.

व्हॉट्सअॅपवर आणि अनेक लेखांत सांगतात की राणी व्हिक्टोरियानं हुकूम काढून त्यांचं लग्न मोडलं. ऐकायला छान आहे, पण सुटका झाली ती या तडजोडीनं. लग्न मोडलंच नाही. हिंदू स्त्रीला तेव्हा सर्वसाधारणपणे घटस्फोट घेताच येत नव्हता. कायद्याच्या दृष्टीनं त्या दादाजीची बायकोच राहिल्या.

पुढच्याच वर्षी त्या इंग्लंडला निघाल्या. कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना वैद्यकीय शिक्षणासाठी प्रोत्साहन दिलं. लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेनमध्ये त्यांनी प्रवेश घेतला आणि १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या.

त्या तिकडे शिकत असताना इकडे कायदा बदलला. १८६० च्या दंडसंहितेनुसार मुलगी दहा वर्षांहून मोठी असेल तर नवऱ्यानं केलेला संबंध बलात्कार ठरत नव्हता. १८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी दासी या जेमतेम अकरा वर्षांच्या मुलीचा नवऱ्याच्या अत्याचारात मृत्यू झाल्याचा खटला चालला. वय दहाच्या वर होतं, त्यामुळे बलात्काराचा गुन्हा लागलाच नाही. नवऱ्याला शिक्षा झाली ती एक वर्षाची. त्यानंतर सरकारला गप्प बसणं शक्य नव्हतं. मार्च १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा मंजूर झाला आणि दहाचं वय बारा झालं.

दोन वर्षं. एवढ्यासाठी महाराष्ट्र आणि बंगाल ढवळून निघाले. रानडे, भांडारकर, तेलंग कायद्याच्या बाजूनं, टिळक विरोधात. टिळकांबद्दल इथे एक गोष्ट सांगायला हवी. मुलींची लग्नं सोळाच्या आत करू नयेत, असं लोकांनी आपणहून बंधन घालून घ्यावं, असा प्रस्ताव त्यांनीच मांडला होता. त्यांचा विरोध परक्या सरकारच्या कायद्याला होता. पण स्वराज्य मिळेपर्यंत त्या वयातल्या मुलींनी काय करायचं, याचं उत्तर या भूमिकेत नव्हतं.

आणि १८९१ चा कायदाही लग्नाच्या वयाला शिवत नव्हता. लग्नाचं वय ठरायला १९२९ चा शारदा कायदा यावा लागला. त्यात मुलीचं वय १४ धरलं होतं, म्हणजे रखमाबाईंनी ४२ वर्षांपूर्वी मागितलेल्या वयापेक्षा एक वर्ष कमीच. नांदायला न येणाऱ्याला तुरुंगात टाकण्याची तरतूद १९२३ मध्ये निघाली.

सुरत, राजकोट आणि पांढरी साडी

परत आल्यावर डॉ. रखमाबाई सुरतेच्या स्त्रियांच्या दवाखान्यात रुजू झाल्या आणि दोन दशकांहून जास्त काळ तिथे राहिल्या. त्यानंतर राजकोटच्या जनाना हॉस्पिटलमध्ये निवृत्तीपर्यंत काम केलं. भारतातल्या पहिल्या प्रॅक्टिस करणाऱ्या महिला डॉक्टर असं त्यांना सरसकट म्हटलं जातं. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये पदवी घेऊन आल्या पण काम सुरू करण्याआधीच गेल्या, हे खरं. मात्र बंगालमध्ये कादंबिनी गांगुली रखमाबाईंच्या आधीपासून रुग्ण तपासत होत्या. रखमाबाईंचं मोठेपण त्या पहिलेपणावर अवलंबून नाही, त्यामुळे हा वाद फार ताणायचं कारण नाही.

सुरत-राजकोटच्या वर्षांबद्दल बोललं जातं त्यापेक्षा कितीतरी जास्त त्या चार वर्षांच्या खटल्याबद्दल बोललं जातं. पण दवाखान्याची वर्षं पस्तीसच्या आसपास आहेत. पडद्याआडच्या, पुरुष डॉक्टरला नाडीही न दाखवणाऱ्या बायका, लवकर लग्न होऊन लवकर बाळंत होणाऱ्या मुली, हे त्यांचं रोजचं काम होतं. १९२९ मध्ये त्यांनी पडदा पद्धत बंद करण्याची गरज सांगणारी पुस्तिकाही लिहिली. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही.

१९०४ मध्ये दादाजी वारला. ज्याच्या घरात त्यांनी कधी संसार केला नाही, ज्याच्यापासून सुटण्यासाठी तुरुंगाची तयारी ठेवली, त्या माणसाच्या मृत्यूनंतर रखमाबाईंनी विधवेची पांढरी साडी नेसायला सुरुवात केली. का, यावर अभ्यासकांनी बरेच तर्क लढवले आहेत. सुरतेत बायकांच्या घराघरात जायचं तर समाजाशी रोजचं भांडण परवडणारं नव्हतं, हा त्यातला एक. इतक्या बंडखोर बाईनं हे का करावं, असा प्रश्न आज आपल्याला पडतो. रोज त्या समाजात वावरताना त्यांना तो तसाच पडला असेल असं नाही.

निवृत्तीनंतर त्या मुंबईत राहिल्या. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या नव्वदीत, त्यांचं निधन झालं. २०१६ मध्ये त्यांच्यावर अनंत महादेवन यांचा मराठी चित्रपट आला. त्यात रखमाबाईंची भूमिका तनिष्ठा चॅटर्जीनं केली होती. पुढच्या वर्षी त्यांच्या जन्मदिवशी गुगलनं डूडल केलं.

त्यांच्या निधनाच्या चार महिने आधी, मे १९५५ मध्ये, स्वतंत्र भारताचा हिंदू विवाह कायदा लागू झाला होता. त्यानं हिंदू स्त्रीला देशभर घटस्फोटाचा हक्क दिला, जो रखमाबाईंना कधीच मिळाला नव्हता. मुलीच्या लग्नाचं वय ठेवलं १५, त्यांनी राणीकडे मागितलेलंच. आणि त्याच कायद्याच्या कलम ९ मध्ये नांदायला येण्याचा दावा जसाच्या तसा ठेवला. १९८३ मध्ये आंध्र प्रदेश हायकोर्टानं हे कलम घटनाबाह्य ठरवलं, पुढच्याच वर्षी सुप्रीम कोर्टानं ते वैध ठरवलं. आता तुरुंग नाही, पण आदेश पाळला नाही तर मालमत्ता जप्त होऊ शकते. आजही फॅमिली कोर्टांत या कलमाखाली दावे लागतात.